आज्या साठ पावलं सरकला

१

तीन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याखाली गुटख्याची पुडी सापडली.

गुटख्याला महाराष्ट्रात बंदी आहे. तेव्हा ती पुडी तिथं असणं दोन्ही अंगांनी अशक्य होतं. पण सापडली खरी, आणि तीही जिल्ह्याहून आलेल्या साहेबांच्या डोळ्यांदेखत.

ही बातमी सांगलीला आमच्या घरी फोनवर आली, तेव्हा माझी बायको गुणमाला भडंगाला बिनलसणीची फोडणी देत होती. बत्तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवून ती निवृत्त झाली. निवृत्त माणसानं एका जागी बसावं असा संकेत आहे. तो ती पाळत नाही. मी मदन मगदूम, हळदीच्या अडतीतून निवृत्त. आमच्या दोघांच्या वाट्याचा तो संकेत मी एकटा पाळतो.

फोन शिवांजलीचा होता. गुणमालाची जुनी विद्यार्थिनी, आता जमिनीतून जुनी माणसं शोधते. माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं, खडकवस्ती नावाचं गाव आहे. गावामागं माळ, माळावर दगडांचा एक ढीग: कमरेएवढा उंच, पाच-सहा पावलं रुंद. गावकरी त्याला ‘आज्या’, म्हणजे आजोबा, म्हणतात. मेंढरं घेऊन जाणारा प्रत्येक जण त्यावर एक धोंडा ठेवतो, डाव्या हातानं, आणि पुढं जातो. हे किती पिढ्या चाललंय ते कुणाला माहीत नाही. शिवांजलीचं म्हणणं, हा ढीग म्हणजे लोखंड नुकतंच हाती आलेल्या काळातल्या कुणा मोठ्या माणसाची कबर.

कबर खरी ठरली तर माळाला हात लावता येणार नव्हता. खोटी ठरली तर सोमवारी साहेब सही करणार, आणि माळ खडी क्रशरला जाणार. राहीबाई नावाच्या म्हातारीच्या साठ मेंढरांना चरायला गावात तेवढा एकच माळ होता.

गुरुवारी ढिगाला चर घेतला. खाली ना हाड, ना खापर. एक पुडी, लाल, चुरगळलेली.

“बाई,” शिवांजली म्हणाली, “साहेब म्हणतायत, ढीग अलीकडचा आहे. आणि लोक म्हणतायत, तो मीच रचला. डॉक्टरेटसाठी.”

गुणमालानं गॅस बंद केला.

“अहो, गाडीत हवा बघून घ्या,” ती मला म्हणाली.

२

जूनचा दुसरा आठवडा होता. मृग लागलं होतं, म्हणजे पंचांगात लागलं होतं. माणदेशात पंचांग पोचायला वेळ लागतो. माळावर नुसता वारा. समोरच्या डोंगरावर पवनचक्क्या गरगरत होत्या, धूळ एका जागी ठरत नव्हती, आणि गुणमालाही.

ढिगाचा अर्धा भाग कापून बाजूला काढला होता, अर्धा उभा होता. गावातल्या एकाही मजुरानं आज्याच्या धोंड्याला हात लावायला नकार दिला, म्हणून कापायला माणसं दहिवडीहून आणावी लागली होती, असं शिवांजलीनं सांगितलं. तिचे डोळे सुजले होते.

“पुडी कुठं होती?”

“मधोमध. सगळ्यात खालच्या मोठ्या धोंड्याच्या पोटाखाली.”

पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. गुणमालानं चष्मा वर करून तिच्यावरचं बारीक छापील वाचलं. “जानेवारी. याच वर्षीची. तू ढीग पहिल्यांदा कधी पाहिलास?”

“डिसेंबरात.”

“ह्याच जागी?”

“ह्याच जागी म्हणजे... हो. मोबाइलवर ठिपका ठेवला होता. पण इथं रेंज धड नाही, तो ठिपका वीस-पंचवीस पावलं... नाही, चांगला साठेक पावलं बाजूला दाखवतोय. मोबाइलचं काही खरं नाही, बाई.”

गुणमाला बाजूला काढलेल्या दगडांत उकिडवी बसली आणि एकेक दगड उलटा करून बघू लागली. घरी ती तांदूळ निवडते तश्शी.

“अहो, हे काय आहे?” तिनं एक दगड माझ्यापुढं धरला. त्यावर करड्या-पोपटी रंगाची खपली होती.

“शेवाळ.”

“मसाल्यात घालते ते दगडफूल, त्याचा हा गरीब चुलतभाऊ. उघड्यावर वाढतो. ऊन, दव, वारा लागेल त्या अंगाला.” तिनं कापलेल्या कडेकडं बोट केलं. “आता तिथं बघा. निम्म्या दगडांची खपली पोटात, अंधारात आहे. आणि मातीचा डाग आभाळाकडं.”

मग तिनं शिवांजलीकडून डिसेंबरातला फोटो मागून घेतला. शास्त्रीय फोटो होता, त्यामुळं त्यात दगड होते आणि मापाची पट्टी होती. डोंगर, झाड, आभाळ असलं काहीही नव्हतं. त्यातला ढीग अस्ताव्यस्त. समोरचा उरलेला अर्धा ढीग मात्र देखणा: खाली मोठे धोंडे, मधे मध्यम, वर लहान. कड कंपासनं काढल्यासारखी गोल.

“हा फरक तुला दिसला नाही?”

“दिसला, बाई. वाटलं, साहेब येणार म्हणून गावानं साफसफाई केली असेल.”

हे मात्र पटण्यासारखं होतं. साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडं काय वाट्टेल ते नीट होतं.

इतक्यात मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या. कळपामागं एक उंच, वाळलेली म्हातारी, हातात काठी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. राहीबाई. दिवाळीनंतर कळप घेऊन घाटाखाली गेलेली, आठ दिवसांमागं परतलेली.

“तुमी का ह्या पोरीच्या बाई?” ती म्हणाली. “बरं झालं आलासा. माझं कुनी ऐकत न्हाई. सरपंचाला सांगितलं, तो हासला. सायबाला सांगितलं, तो पानी पी म्हनला.”

“काय सांगितलंत?”

“आज्या हितं न्हवता. म्या गेल्ते तवा तो तिकडं हुता.” तिनं काठी हवेत कुठंतरी फिरवली. “उठून हितं यून बसलाय.”

३

राहीबाईला कुठं ते नेमकं दाखवता येईना. डोळ्यांना चार हातांपलीकडं धूसर दिसत होतं, आणि ज्या खुणेवर ती आयुष्यभर चालली ती खूण म्हणजे खुद्द आज्याच.

“आता?” मी विचारलं.

“आता माणसं,” गुणमाला म्हणाली.

सरपंच आकाराम पारावर भेटले. गाल फुगलेला, ओठ लाल. बोलण्याआधी त्यांनी बाजूला जाऊन तोंड मोकळं केलं. माझा संशय तिथल्या तिथं पक्का झाला आणि मी गुणमालाला कोपरानं ढोसलं.

“पुडी माझी असंल की,” आकाराम आपणहून म्हणाले. “माळावर निम्म्या पुड्या माज्याच हायत्या. लपवून खावी लागती, बंदी हाय न्हवं? पर आज्यावर म्या पुडी टाकीन व्हय, ताई? सरपंचपदाचा फॉर्म भरायच्या आदी धोंडा ठिवलाय म्या तितं.”

“आणि राहीबाई म्हणतात, ढीग हलला?”

“म्हातारी हाय. तिला मी बी कवा कवा माजा बाप वाटतो.”

क्रशरवाला जयराज त्याच्या पांढऱ्या गाडीत एसी लावून बसला होता. बाहेर ऊन असल्यामुळं मुलाखत काच अर्धी खाली करून झाली.

“मी कशाला ढीग हलवू, मॅडम? हलवायचाच असता तर जेसीबीनं तासाचं काम. नारळ फोडला असता, फोटो काढले असते, वर सत्कार घेतला असता.” तो हसला. “मी जे करतो ते उघड करतो. आता तो ढीगच खोटा निघाला, त्याला मी काय करू? म्हातारीला दोन शेळ्या घेऊन देतो की.”

मला माणूस अजिबात आवडला नाही. पण माळावर जेसीबीच्या चाकाचा ओरखडाही नव्हता, हे गुणमालानं परत येताना निदर्शनास आणलं. माझे दोन संशयित दुपारच्या चहाआधीच संपले.

तिसरं घर माळाला लागून होतं. सुभेदार नाथाजी, सैन्यात सव्वीस वर्षं काढून आलेले, राहीबाईचे धाकटे भाऊ. अंगणातल्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी दगड लावलेले, एक गेरूचा एक चुन्याचा, एक गेरूचा एक चुन्याचा. बादल्या उंचीप्रमाणं. चपलांचे अंगठे एका रेषेत. कोंबड्या तेवढ्या मोकळ्या फिरत होत्या, पण त्याही दबकून. ओट्याशी एक घमेलं पालथं घातलेलं, त्याचा तळ घासून घासून चकचकीत झालेला.

नाथाजींनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उभे राहिले.

“सुभेदार, राहीबाई म्हणतात आज्या हलला.”

“अक्काची नजर गेलीय, ताई.”

“गावातलं कुणी हलवेल?”

“आज्याचा धोंडा न्हेईल त्याचा हात गळून पडंल. असं आमच्यात मानत्यात.” एवढं बोलून त्यांनी आपला उजवा हात पाठीमागं नेला. विश्राम स्थितीत जातो तसा. डावा मात्र न्यायचा राहून गेला.

“हिवाळ्यात माळावर कोण असतं?”

“कुनी न्हाई. मेंढरं गेली की माळ रिकामा. म्या येकटाच.”

“मग तुम्हाला काहीतरी दिसलं असेल.”

“म्या बघायच्या ड्यूटीवर न्हवतो, ताई.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. “सोमवारी फैसला हाय. जे हुईल ते हुईल. चहा घेनार?”

चहा आला. कपांचे कान सगळे एका दिशेला होते. गुणमाला त्या कानांकडं बघत राहिली, चहा निवेपर्यंत.

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, “हा माणूस आपल्याशी एकही खोटं वाक्य बोलला नाही. ते त्याला फार जड गेलं.”

४

आम्हा जैनांत दिवस बुडायच्या आत जेवतात. त्यामुळं मावळतीच्या सूर्याकडं लोक सौंदर्यदृष्टीनं बघतात, आम्ही घड्याळ म्हणून बघतो. साडेसहाला मी डबा उघडायची विनंती केली, तेव्हा आम्ही पुन्हा त्या अर्ध्या ढिगापाशी होतो आणि राहीबाई बाजूच्या धोंड्यावर टेकली होती.

“खावा की,” ती म्हणाली, “दिस अजून खिंडीत उतरला न्हाई.”

“कुठल्या खिंडीत?” गुणमालानं विचारलं.

“ती काय समूर. लोकरीवानी धूसर दिसती मला, पर हाय न्हवं? मिरगात दिस तिच्यात बुडतो. बराबर मधी, चुलीत लाकूड सारावं तसा. आज्यापाशी उभं ऱ्हायलं की दिसतंय. माजा सासरा त्येच बघून म्हनायचा, आता पंधरा दिस हलायचं न्हाई, पाऊस यील.”

गुणमालानं हातातली पोळी परत डब्यात ठेवली. माझ्या हातातलीही.

पश्चिमेला ढग नव्हते. जवळच्या डोंगराच्या दोन खांद्यांमधे खिंड स्पष्ट होती, आणि सूर्य तिच्याकडं येत नव्हता. तो उजव्या खांद्यावर निघाला होता, दगडावर आपटणार अशा बेतानं.

“राहीबाई, इथून तो खिंडीत बुडत नाही,” गुणमाला म्हणाली.

“असं कसं? सासऱ्याच्या सासऱ्यापासनं बुडतोय!”

“बुडतोय. आपण चुकीच्या जागी उभे आहोत. अहो, चला!”

ती डावीकडं चालू लागली, तोंड सूर्याकडं ठेवून, खेकड्यासारखी. मागं मी डबा घेऊन, माझ्यामागं शिवांजली मोबाइल घेऊन. एकेक पाऊल टाकावं तशी खिंड उजवीकडं सरकत होती, सूर्याच्या खाली येत होती. वीस पावलं. चाळीस. वाऱ्यानं गुणमालाचा पदर फडफडत होता, ती थांबायला तयार नव्हती. साठाव्या पावलाला सूर्य खिंडीच्या बरोबर मध्यावर टेकला, आणि ती थांबली.

“बाई!” शिवांजली ओरडली. “ठिपका! मोबाइलचा ठिपका इथंच आहे!”

पायाखाली काही नव्हतं. साधी जमीन. जरा भुसभुशीत, खडे कमी.

त्याच वेळी राहीबाईनं कळप घराकडं वळवला. पुढची म्हातारी मेंढी, जिच्यामागं बाकीच्या एकोणसाठ चालतात, सरळ आमच्याकडं आली. आणि आमच्यापासून तीन पावलांवर, रिकाम्या जमिनीपाशी, उजवीकडं वळली. मागचा कळप दुभंगला. निम्मी मेंढरं उजवीकडून, निम्मी डावीकडून, मधे एक गोल तसाच सोडून पलीकडं पुन्हा एक झाली.

“आलो तवापासनं अशीच करत्यात,” राहीबाई म्हणाली. “येडी झाल्यात म्हनून म्या मारलं बी त्यास्नी.”

सूर्य बुडाला. आमचं जेवण राहिलं. गुणमालाच्या ते लक्षातही आलं नाही, आणि माझ्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लक्षात होतं.

५

रविवारी सकाळी गुणमाला, मी आणि शिवांजली नाथाजींच्या अंगणात गेलो. राहीबाई आधीच ओट्यावर बसली होती.

“तीन साक्षीदार होते,” गुणमाला म्हणाली. बत्तीस वर्षांची सवय. बसून बोलता येत नाही, ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. “एक मोबाइल, एक म्हातारी बाई, एक मेंढी. तिघांनी एकच जागा सांगितली. मोबाइलला रेंज नाही म्हणून, बाईला नजर नाही म्हणून आणि मेंढीला अक्कल नाही म्हणून आपण कुणाचंच ऐकलं नाही.”

नाथाजी उभेच होते.

“पुडी जानेवारीत छापलेली. ढीग डिसेंबरात शिवांजलीनं पाहिलेला. म्हणजे पुडीवरून ढीग खोटा ठरत नाही. ती आधी तिथं पडली, ढीग तिच्यावर नंतर आला. जानेवारीनंतर, मेंढरं परतायच्या आत. कुणी आणला? जयराजनं यंत्रानं आणला असता, माळावर चाकं दिसली असती. बाहेरच्या मजुरांनी आणला असता तर दगड ओतले असते. हे दगड ओतलेले नाहीत, रचलेत. मोठा खाली, लहान वर, कड गोल. मूळ ढिगात असं काही नव्हतं. तो पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ठेवलेल्या धोंड्यांचा. त्याला शिस्त कुठून असणार? ज्यानं हलवला त्याला वेडंवाकडं रचताच येत नाही. त्यानं लपवायला म्हणून ढीग केला, आणि हातानं सवयीनं तो पलटणीसारखा फालिन केला.”

माझी नजर नकळत गेरू-चुन्याच्या दगडांवर गेली. मग चपलांवर. मग त्या चकचकीत घमेल्यावर.

“नाथा,” राहीबाई हळू आवाजात म्हणाली. “तू?”

नाथाजी सावधान झाले.

“येक्केचाळीस दिस लागले, अक्का. रोज पहाटे. अनवानी. डाव्या हातानं उचलला हरेक धोंडा, माफी मागून. मोठे पुरलेले धोंडे हुते खाली, गोल, ते न्हाई हलले. त्यांच्यावर माती लोटली.”

“पुरलेले? गोल?” शिवांजली ताडकन उठली. गुणमालानं तिला हातानं खाली बसवलं.

“का केलंस रं?” राहीबाई म्हणाली. “जयराजचं खाल्लंस?”

“अक्का!” एवढा एकच शब्द, पण अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली. मग ते शिवांजलीकडं वळले. “ही पोरगी डिसेंबरात पारावर म्हनली. हाडं घावली तर पुन्याला न्हेनार. कपाटात ठिवनार, नंबर टाकून. म्या सव्वीस वरसं नंबरावर काढली, ताई. मानूस मेला तरी आदी नंबर सांगायचा, मग नाव. अक्कानं म्या बॉर्डरवर असताना माज्या नावानं रोज येक धोंडा ठिवलाय त्या आज्यावर. त्याला कशाला नंबर? म्हनलं, ह्यांना दुसरीकडं खनू दे. काय घावायचं न्हाई, मोकळ्या हातानं परत जातील. आज्या हाय तितं झोपंल.”

“आणि माळ?” गुणमालानं विचारलं.

नाथाजींचा ताठा तिथं मोडला. ते पायरीवर बसले.

“ते ध्यानातच न्हाई आलं. म्या दुश्मन समोर बघितला, बाजूनं क्रशर आला. गुरवारपास्नं झोप न्हाई. सांगावं तर आज्या उघडा पडतो. न सांगावं तर अक्काची मेंढरं.” ते बहिणीकडं बघत नव्हते. “उद्या दहाला साहेब सही करनार.”

राहीबाईनं काठी दोन्ही हातांनी धरली. वारा अंगणातून नुसता फिरत होता.

“आज्याला उगडा करायचा असंल,” ती म्हणाली, “तर जाऊ दे माळ. म्या मेंढरं इकती.”

६

शिवांजलीनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं. हात काढून ती गुणमालाकडं बघू लागली. भूगोलाच्या तासाला उत्तर येत नसलं की मुली तशा बघतात.

“कबर आहे हे सिद्ध करायला पोटात शिरावं लागतं का?” गुणमालानं विचारलं.

शिवांजलीनं विचार केला. “नाही. पुरलेल्या धोंड्यांचं वर्तुळ दिसलं तरी पुरतं. वरची माती हातभर सारायची. कड उघडायची. मधे हात लावायचा नाही.”

“लिहून देशील?”

“देते. हाडांशिवाय माझा प्रबंध निम्मा होईल, बाई.”

“निम्मा माणूसही झोपेतच बरा,” गुणमाला म्हणाली. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण शिवांजलीनं लगेच कागद काढला.

सोमवारी दहाला साहेब आले. सोबत जयराज, पेन घेऊन. नाथाजी युनिफॉर्मवरची पदकं साध्या शर्टावर लावून माळावर उभे होते. साहेबांनी विचारायच्या आत त्यांनी सलाम ठोकला आणि जबाब दिला: तारीख, वेळ, अंतर, दगडांची अंदाजे संख्या, कारण. शेवटी “चूक माजी, साहेब. शिक्षा मला. माळाला न्हाई.”

साहेबांना हा प्रकार नवीन असावा. त्यांच्यासमोर आजवर कुणी चूक माझी म्हटल्याची नोंद नसणार. ते गोंधळून म्हणाले, “बघू, आधी जागा दाखवा.”

शिवांजलीनं गुडघ्यावर बसून खुरप्यानं माती सारली. पहिला धोंडा हातभर खाली लागला, काळा, बैलाच्या पाठीएवढा. त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा, किंचित वळलेला. अकरापर्यंत आम्ही श्वास धरून मोजत होतो. बारावा निघाला तेव्हा वर्तुळाला तोंड फुटलं: दोन धोंड्यांमधली एकच फट, आणि ती सरळ खिंडीकडं बघत होती.

साहेबांनी त्या फटीतून खिंडीकडं आणि खिंडीकडून फटीकडं दोनदा बघितलं. मग त्यांनी पेनाला टोपण घातलं. जयराजनं स्वतःच्या पेनाला घालायला जरा उशीर केला.

“सुभेदारांचं काय करायचं ते मी वर विचारीन,” साहेब म्हणाले. “वरून उत्तर यायला बरीच वर्षं लागतात.”

राहिला तो आज्या. धोंडे परत न्यायला हवे होते, पण आज्याचा धोंडा उचलायचा नाही हा नियम. गाव राहीबाईकडं बघू लागलं. तिनं काठी टेकली आणि निकाल दिला:

“तितं आज्या न्हाई. तितं नाथाचं काम हाय. उचला.”

मग अख्खं गाव निघालं, एकेका हातात एकेक धोंडा, डाव्या. आकारामांनी तोंड मोकळं करून उचलला. साहेबांनीही एक घेतला. जयराजनं फोटो काढायला माणूस बोलावला आणि सगळ्यात लहान बघून घेतला. कुणी टाकला, कुणी ठेवला, ढीग वेडावाकडा वाढत चालला.

नाथाजी घमेलं घेऊन पुढं झाले.

“नाथा,” राहीबाई ओरडली, “तू लांब हुबा ऱ्हा! ओळ लावशील!”

ते लांब उभे राहिले, सावधान. थोड्या वेळानं मी पाहिलं तर त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी कळप परतला. ढीग अजून गुडघ्याएवढाही झाला नव्हता. म्हातारी मेंढी आली, त्याच्यापुढं क्षणभर थांबली आणि वळसा घालून गेली. बाकीच्या एकोणसाठ तिच्यामागं, निम्म्या उजवीकडून, निम्म्या डावीकडून. राहीबाईनं चाचपडत एक खडा उचलला, डाव्या हातानं ठेवला, आणि काठी न उगारता पुढं गेली.

सूर्य खिंडीवर आला होता. मी डबा उघडला. या खेपेला गुणमाला आधी जेवायला बसली.